कारखान्यातली एक नवी नोकरी



ह्या व्यासपीठावरून आजवर मोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी दहावीनंतर आय. टी. आय. केलेला फिटर. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ कामगार संघटनेचे काम करीत आलो. जे काही वाचले ते नगर वाचनालयाच्या बाकावर, रात्रपाळी नसेल त्या संध्याकाळी. तेव्हा मी आज काही सिद्धान्त मांडणार नाही. एका नव्या नोकरीची माहिती सांगणार आहे, आणि ती माहिती सांगण्याचा अधिकार मला कसा पोचतो, हे ओघाने येईलच.

मागच्या वर्षी एका गेटसभेनंतर आमच्या एका सभासदाने मला बाजूला घेतले. म्हणाला, "भाऊ, मुलगी बी. एस्सी. झाली. म्हणते, मला कॉर्पोरेट सस्टेनेबिलिटीत करिअर करायचंय. मी म्हटलं, करू. पण हे असतं काय? कंपनीच्या आवारात झाडं लावायची नोकरी का?"

आम्ही दोघेही हसलो; पण प्रश्न खोटा नव्हता. जून महिन्यात कंपनीचे साहेब रोप लावतात, फोटो निघतो, आणि पुढल्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावतात, हे आपण सर्वांनीच पाहिले आहे. ही नोकरी म्हणजे तेवढेच असेल तर तिच्यासाठी बी. एस्सी. होण्याची गरज नाही. परंतु ती तेवढीच नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत त्याला 'शाश्वतता' म्हणतात. शब्द जरा अवघड जागी येऊन बसला आहे. कीर्तनात शाश्वत म्हणजे आत्मा. बाकी सारे नाशिवंत. कारखान्यात पाहावे तर साहेब बदलतात, यंत्रे बदलतात, मालकसुद्धा बदलतो. शाश्वत काय तो ठेकेदार! पण विनोद सोडून देऊ. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाने अहवाल दिला. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलांड ह्या त्या आयोगाच्या अध्यक्ष होत्या. त्या अहवालाचे सार असे, की आजच्या पिढीने आपल्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढीला तिच्या गरजा भागवता येणार नाहीत इतके ओरबाडू नये. शेतकऱ्याच्या घरी हे नव्याने सांगावे लागत नाही. बी-बियाण्याचे धान्य कितीही भूक लागली तरी दळायला काढायचे नाही, हा नियम आपल्या आज्यांना ठाऊक होता. कारखान्यालाही तोच नियम लावून पाहणे, आणि तो पाळला की मोडला ह्याचा हिशेब लिहून ठेवणे, हे ह्या नोकरीचे मूळ काम.

मी 'हिशेब' हा शब्द मुद्दाम वापरला. कंपनीकडे पैशाचा हिशेब पूर्वीपासून असतोच. किती माल विकला, किती खर्च झाला, नफा किती उरला, हे ताळेबंद सांगतो. परंतु ओढ्यातून किती पाणी उचलले, धुराड्यातून काय बाहेर गेले, किती कामगारांची बोटे गेली, ठेकेदाराच्या माणसाला किमान वेतन मिळाले की नाही, हे ताळेबंदात दिसत नसे. हा खर्च होतच होता. फक्त तो कंपनीच्या वहीत न पडता गावाच्या आणि कामगाराच्या अंगावर पडत होता.

तो केवढा मोठा असू शकतो, हे देशाला भोपाळने दाखविले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि झोपेत असलेल्या वस्तीतली हजारो माणसे गेली. आपण एक गोष्ट विसरतो. त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूमुळे एक कामगार दगावला होता. कामगारांनी धोक्याचे इशारे दिले होते. राजकुमार केसवानी नावाचे स्थानिक पत्रकार १९८२ पासून हा धोका जाहीरपणे लिहीत होते. म्हणजे माहिती होती. ती खात्यातल्या माणसाकडे होती. पण ती वरच्या मजल्यावरच्या कोणत्याही वहीत उतरली नाही, आणि उतरवून घेणे हे कोणाचे कामही नव्हते.

त्यानंतर कायदे झाले. १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा आला. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली, आणि धोक्याची माहिती मिळण्याचा व इशारा देण्याचा हक्क कामगारास मिळाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली आहे. सुरक्षा समितीची तरतूद तिच्यातही आहे. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा. आपल्या महाराष्ट्राने तर प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० सालीच स्थापन केले होते.

पण कायदा मोडला तर शिक्षा, इतकेच ह्या कायद्यांचे स्वरूप होते. कंपनीने आपण होऊन आपला हिशेब लोकांपुढे मांडावा, ही कल्पना पुढची. २०११ साली केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जबाबदार व्यवसायाची तत्त्वे प्रसिद्ध केली. २०१२ साली शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी' ह्या संस्थेने सर्वांत मोठ्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना त्यांवर अहवाल द्यायला लावले. मे २०२१ मध्ये त्या अहवालाचा नवा, विस्तृत नमुना आला. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून बी. आर. एस. आर. म्हणतात, 'व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल' असा त्याचा अर्थ. २०२२-२३ ह्या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांना तो सक्तीचा झाला. २०२३ साली त्यांतले काही निवडक आकडे त्रयस्थाकडून तपासून घेण्याची पद्धत आली, आरंभी सर्वांत मोठ्या १५० कंपन्यांपासून. ही नोकरी एकाएकी कोठून उगवली, ह्याचे उत्तर येथे आहे. एवढा मोठा हिशेब मागितला, म्हणून तो लिहिणारी माणसे लागली.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटते, सी. एस. आर. म्हणजेच हे. तसे नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. त्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावयास सांगितले. शाळेला बाके, दवाखान्याला गाडी, हे त्यातून होते आणि ते चांगलेच आहे. पण तो नफा मिळाल्यानंतरचा प्रश्न आहे. नफा कसा मिळवला, हा त्याआधीचा प्रश्न. सी. एस. आर. दोन टक्क्यांचा विचार करते. शाश्वततेला उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा विचार करावा लागतो. ओढा नासवून त्याच ओढ्याकाठच्या शाळेला बाके देणे, ह्याला हिशेब म्हणत नाहीत.

आता प्रत्यक्ष काम काय, ते पाहू. अहवालाच्या नमुन्यात तीन विभाग आणि नऊ तत्त्वे आहेत. त्या सर्वांत मी आपणांस फिरवीत नाही. तीन मोजमापे सांगतो. त्यांवरून कल्पना येईल.

पहिले, कर्बवायूचे. त्याचे तीन वर्ग करतात. घरातलेच उदाहरण घ्या. आपल्या शेगडीत गॅस जळतो, तो धूर आपल्याच घरातला. हा पहिला वर्ग. आपण दिवा लावतो तेव्हा धूर आपल्याकडे होत नाही, पण चंद्रपूर-कोराडीला कोळसा जळतो. हा दुसरा वर्ग. आणि वाण्याकडून साखर, साबण, सिमेंट आणतो, ते करताना दुसऱ्याच्या कारखान्यात जो धूर झाला तो तिसरा वर्ग. कारखान्याचेही असेच. डिझेल जाळले तर एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कर्बवायू होतो. विजेच्या एका युनिटामागे आपल्या देशात सरासरी सुमारे ०.७ किलो. समजा, एखाद्या खात्यात दाबाच्या हवेच्या नळाला ३ मिलिमीटरचे भोक आहे. ७ बार दाबाला अशा एका भोकातून सुमारे ३ किलोवॉट वीज वाया जाते. चोवीस तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर २१,६०० युनिटे. ८ रुपये दराने पावणेदोन लाख रुपयांच्या घरात, आणि कर्बवायू १५ टन. ते भोक कोणाला माहीत असते? त्या खात्यातल्या फिटरला. रात्री यंत्रे बंद झाली की 'सूं' असा आवाज येतो, तो त्याला ऐकू येतो. वातानुकूलित कचेरीत बसून तो ऐकू येत नाही. ह्या नोकरीतल्या माणसाने पहिल्यांदा फिटरशी ओळख करावी, असे मी म्हणतो ते काही जातभाईपणाने नव्हे.

दुसरे मोजमाप पाण्याचे. कारखान्याने सांडपाणी शुद्ध करूनच सोडायचे असते. त्यात बी. ओ. डी. आणि सी. ओ. डी. असे दोन आकडे असतात. पाण्यातली घाण कुजताना किंवा तिचे रासायनिक विघटन होताना किती प्राणवायू खाते, ते त्यांवरून कळते. नदी-ओढ्यात सोडण्याच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा बी. ओ. डी. ला लिटरमागे ३० मिलिग्रॅम आणि सी. ओ. डी. ला २५० मिलिग्रॅम. प्राणवायू पाण्यातून संपला की मासे मरतात, इतके सरळ गणित आहे. पण नमुना कोणत्या वेळी घेतला ह्याला महत्त्व आहे. दुपारी बाराचे पाणी आणि रात्री दोनचे पाणी ही एकच असतात असे नाही, हे ओढ्याकाठच्या कोणत्याही माणसास विचारावे.

तिसरे मोजमाप माणसांचे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत कठीण. अपघाताचा दर काढण्याची रीत अशी : ज्या दुखापतींमुळे कामगाराचे कामाचे दिवस बुडाले, त्यांची संख्या दर दहा लाख काम-तासांमागे किती, ते काढायचे. समजा, कारखान्यात १५०० माणसे. प्रत्येकाचे वर्षाचे २४०० तास. म्हणजे ३६ लाख तास. दुखापती झाल्या ९. दर येतो २.५. आता समजा, त्या नवांपैकी सहा जखमी ठेकेदाराचे होते, आणि ठेकेदाराने त्या कळवल्याच नाहीत. मात्र त्याच्या माणसांचे तास बेरजेत घेतले. दर होतो ०.८३. तास सर्वांचे मोजले, जखमा एक-तृतीयांशच मोजल्या. कागदावर कारखाना तिप्पट सुरक्षित झाला. यंत्रावर एक जाळीसुद्धा नवी बसली नाही.

मग ह्या नोकरीत शिरायचे कसे? वकिलाला सनद लागते, चार्टर्ड अकाउंटंटला परीक्षा लागते. येथे तसा एकच राजमार्ग नाही. मला पाच दरवाजे दिसतात.

पहिला ऊर्जेचा. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने मोठ्या वीजखाऊ उद्योगांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणे भाग पडले. ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक ह्यांच्यासाठी केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची राष्ट्रीय परीक्षा असते. अभियांत्रिकीची पदवी किंवा पदविका आणि कामाचा अनुभव असणाऱ्यांना हा दरवाजा उघडा आहे. दुसरा पाण्याचा आणि कचऱ्याचा. रसायनशास्त्राच्या पदवीधराने सांडपाणी प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे काढावीत. तेथे जे शिकायला मिळते ते कोणत्याही वर्गात मिळत नाही. तिसरा सुरक्षेचा. औद्योगिक सुरक्षेची पदविका आहे. मुंबईत शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, तेथेही हे शिक्षण मिळते. चौथा हिशेबाचा. वाणिज्य शाखेच्या मुलांना वाटते, हे आपले क्षेत्र नाही. उलट, आकडा कोठून आला, त्याचा पुरावा काय, मागच्या वर्षीशी तो का जुळत नाही, हे विचारण्याची सवय त्यांनाच असते. पाचवा माणसांचा. समाजकार्य किंवा कामगार कायदा शिकलेल्यांचा. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देत आली आहे.

दरवाजा कोणताही असो, पालकांना माझे एक सांगणे आहे. मुलामुलींना आरंभीची तीन-चार वर्षे तरी प्रत्यक्ष कारखान्यात काढू द्या. मुंबई-पुण्याच्या सल्लागार कंपन्या नव्या पदवीधरांना चटकन घेतात आणि अहवाल भरायला बसवतात. पगार बरा असतो. पण ज्याने बॉयलर पाहिला नाही त्याने बॉयलरचा धूर मोजला, की तो दिलेला आकडा उतरवून घेतो. तपासू शकत नाही. आणि आणखी एक, मराठीचा संकोच नको. अहवाल इंग्रजीत जातो हे खरे. पण ज्या माणसाकडून माहिती मिळवायची तो हेल्पर मराठीत नाहीतर हिंदीत बोलतो, आणि तो मोकळेपणाने बोलला नाही तर अहवालात सुंदर इंग्रजीशिवाय काही उरत नाही.

ह्या कामाला भविष्य आहे का, असेही विचारतात. मला वाटते, आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा मालावर त्यातल्या कर्बभाराप्रमाणे आकार घेण्याची व्यवस्था पूर्णपणे लागू केली. त्यामुळे मोठा निर्यातदार आपल्या पुरवठादारास विचारणार, तो त्याच्या पुरवठादारास विचारणार. आज नाही उद्या, औद्योगिक वसाहतीतल्या लहान शेडपर्यंत हा प्रश्न येऊन पोचेल.

परंतु पोट भरते एवढ्यावर नोकरीची पारख होत नाही. ह्या नोकरीत एक फसगत आहे, ती सांगितली पाहिजे. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीत अली एंटरप्रायझेस ह्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज होते, दारे बंद होती. अडीचशेहून अधिक कामगार गेले. त्या कारखान्याला कामगारांच्या स्थितीबद्दलचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र काही आठवड्यांपूर्वीच मिळाले होते. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे मेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते आणि कामगार आत जायला तयार नव्हते. त्यांना आत घातले गेले. तेथल्या कारखान्यांचीही तपासणी होऊन गेली होती. कागद जागच्या जागी होता. तडा कामगाराला दिसला, तपासनिसाला दिसला नाही. त्यानंतर मे २०१३ मध्ये परदेशी खरेदीदार आणि कामगार संघटना ह्यांच्यात जो करार झाला तो कायद्याने बंधनकारक होता आणि त्यात कामगाराच्या संघटनेची सही होती. मला त्यातला धडा एवढाच दिसतो : ज्याच्याबद्दल हिशेब आहे त्याला हिशेब पाहता आला पाहिजे.

आपण म्हणाल, युनियनवाला आहे, सगळा दोष मालकाचा दाखवणारच. म्हणून आता माझ्या दोषाची गोष्ट सांगतो.

१९९८ साली मी एका रसायन कारखान्याच्या युनियनचे काम पाहत होतो. कारखान्याचे नाव येथे नको. दूषित पाणी सोडल्याबद्दल त्याला उत्पादन बंद करण्याची नोटीस आली. आमचे दोनशे दहा कामगार घरी बसणार होते. मी मोर्चा काढला. मालकाविरुद्ध नव्हे, नोटिशीविरुद्ध. 'आमची भाकरी हिसकावू नका' असे फलक होते, आणि सांगायला लाज वाटते, फलकांचे कापड कंपनीनेच दिले होते. मोर्चाच्या वाटेवर ओढ्याकाठच्या गावची एक म्हातारी उभी होती. तिने कळशी आणली होती. काही बोलली नाही. कळशी माझ्या पायापाशी ओतली. पाणी चहासारखे होते. ते तिच्या विहिरीचे होते. नंतर कळले, तिचा मुलगा आमचाच सभासद, आणि त्या दिवशी मोर्चात होता.

कारखाना पुन्हा सुरू झाला. आम्ही गुलाल उधळला. २००४ साली मालकाने तो बंद करून यंत्रे दुसऱ्या राज्यात हलवली. दोनशे दहा माणसे घरी बसलीच. विहीर मात्र तेथेच राहिली. अजून तिचे पाणी कोणी पीत नाही. मी नोकरी आणि पाणी ह्यांना एकमेकांचे वैरी समजलो, आणि दोन्ही गमावून बसलो. १९९८ साली मी मोर्चात 'शुद्धीकरण प्रकल्प बांधा, आणि बांधून होईपर्यंत आमचा पगार चालू ठेवा' अशी मागणी का केली नाही? कारण आकडे मला ठाऊक नव्हते. प्रकल्पाला किती खर्च येतो, नफ्याच्या मानाने तो केवढा, हे सांगणारे आमच्या बाजूला कोणी नव्हते. पुढे वाचनात आले, की अमेरिकेत तेल आणि रसायन कामगारांचे पुढारी टोनी मॅझोकी हे आमच्या कितीतरी आधी हेच म्हणत होते : घातक उद्योग बदलायचे तर कामगाराच्या पोटाची सोय आधी करा. त्याला आज 'न्याय्य संक्रमण' म्हणतात. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही त्याचा उल्लेख आहे. आणि लांब कशाला, पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना काढली, आणि पुढे 'स्वच्छ' ह्या सहकारी संस्थेद्वारे २००८ साली महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम हक्काने घेतले. त्यांनी शहर स्वच्छ ठेवणे आणि आपली भाकरी ह्यांत वैर मानले नाही. ज्या बायांना आपण नाक धरून वाट देत होतो, त्यांना जे कळले ते मला कळले नव्हते.

आता शेवटची गोष्ट, आणि मी थांबतो.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची मुलगी ह्याच नोकरीत आहे. रसायनशास्त्रात एम. एस्सी., पुढे सुरक्षेची पदविका. २०२३ साली ती एका मोठ्या कारखान्यात अहवालाचे आकडे जमवीत होती. तेथे ठेकेदाराच्या एका प्रेसवाल्याची दोन बोटे पेरापासून गेली होती. अपघाताच्या रकान्यात मात्र शून्य होते, कारण ठेकेदाराच्या हजेरीपटात तो माणूस महिनाभर कामावर हजर होता. तिने गेटवरच्या पंचाची नोंद काढली. त्या महिन्यात एकोणीस दिवस त्याचा पंचच नव्हता. साहेब म्हणाले, "हजेरी लागली आहे, म्हणजे दिवस बुडाला नाही. शून्य लिही."

ती रात्री आमच्या घरी आली. म्हणाली, "काका, घराचे हप्ते आहेत. बाबांचं औषध आहे. एका आकड्यासाठी नोकरी घालवू का?"

मी तिला 'सत्याला धरून राहा' असे भाषण केले नाही. हप्ते माझे नव्हते. मी तिला एवढेच सांगितले, की त्या आकड्याच्या पलीकडे काय आहे ते पाहा. तो माणूस विमा रुग्णालयात साधा आजारी म्हणून दाखल असेल तर त्याला पगाराच्या सत्तर टक्के मिळतात, आणि तेही ठरावीक दिवस. कामावरची दुखापत म्हणून नोंद झाली तर नव्वद टक्के. शिवाय वैद्यकीय मंडळाने कायमचे अपंगत्व ठरवले तर जन्मभर दरमहा रक्कम. तुझा शून्य म्हणजे नुसता शून्य नाही. त्या माणसाचे निवृत्तिवेतन आहे.

ती गप्प बसली. मग तिने विचारले, "हे लेखी कुठे आहे?" मी कपाटातून पुस्तक काढून दिले. तिने पान उतरवून घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने हजेरीपट आणि पंचाची नोंद शेजारी-शेजारी जोडून टिपण वर पाठविले. त्यात कोणावर आरोप नव्हता. दोन कागद जुळत नाहीत, आणि तपासनीस हे विचारणार, एवढेच लिहिले होते. आठ दिवस तिच्याशी कोणी धड बोलले नाही. नवव्या दिवशी शून्याचा एक झाला. विमा कार्यालयाकडे अपघाताचा अर्ज गेला. सहा महिन्यांनी तिची बदली दुसऱ्या युनिटमध्ये झाली. बढती जी मिळायची होती ती मिळाली नाही. ती अजून तेथे आहे. प्रेसवर दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय न चालणारी कळ बसली, असे तिने मला नंतर फोनवर सांगितले. बदलीची गोष्ट तिच्या वडिलांकडून कळली.

तर त्या सभासदाला मी काय उत्तर दिले? मी म्हणालो, मुलीला जाऊ दे. झाडे लावायची नोकरी नाही ही. कंपनीने जे गावाच्या आणि कामगाराच्या खात्यावर मांडले ते परत कंपनीच्या खात्यावर लिहायची नोकरी आहे. गणित पक्के हवे, पायात बूट हवेत, आणि कधीतरी एक दिवस असा येईल की त्या दिवशी बढती हवी की आकडा, हे ठरवावे लागेल. त्या दिवसासाठी घरी थोडी शिल्लक टाकून ठेव, म्हणजे तिला धीर राहील.

श्रोतेहो, शेवटचे हे सांगणे आपल्यालाही आहे. आपल्या घरच्या मुलामुलींकडून खऱ्या आकड्याची अपेक्षा करायची, तर त्यांना एखाद्या महिन्याचा पगार कमी आला तरी घरात प्रश्न विचारले जाणार नाहीत, एवढी सोय आपण केली पाहिजे.